सागरी आम्लीकरण सांगलीच्या वर्गात कसे दाखवावे

हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) घटणे म्हणजे सागरी आम्लीकरण. ते अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकून शिकवण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यावरून समुद्र आम्लधर्मी झाल्याचा गैरसमज होतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे, म्हणजे ७ च्या वर असल्याने ते आजही आम्लारीधर्मीच आहे. माती परीक्षणामुळे सामू ओळखणाऱ्या बागायतदारांच्या मुलांना हा फरक क्षुल्लक वाटेल. पण हे मापन लॉगॅरिथमी (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्याने हायड्रोजन आयनांची वाढ पाव हिश्शाहून अधिक भरते, हे आधीच सांगावे.

एक लिटर बॅटरीच्या पाण्यात (बॅटरीत भरायला मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी, बॅटरीतले आम्ल नव्हे) ३५ ग्रॅम मीठ व चिमूटभर खायचा सोडा विरघळवून जांभळ्या कोबीचा उकळून काढलेला अर्क घालावा. निळसर झालेल्या पाण्यात स्ट्रॉने सावकाश फुंकत राहिल्यास श्वासातील कार्बन डायऑक्साइड विरघळून रंग जांभळटाकडे झुकतो. सांगलीत कोणीतरी हळद सुचवणारच. परंतु ती ठळक आम्लारीतच लाल होते, त्यामुळे येथे तिचा उपयोग नाही.

खरा विषय पुढच्या प्रयोगात आहे. पानटपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा, वरची निवळी काढून तिच्यात नऊपट बॅटरीचे पाणी मिसळावे (डोळे जपावेत) आणि सोडा व व्हिनेगर घातलेल्या बाटलीतील कार्बन डायऑक्साइड वायू सलाइनच्या नळीने त्यात सोडावा. बाटली अर्ध्याहून कमी भरावी, अन्यथा फेसाबरोबर व्हिनेगर पलीकडे जाऊन प्रयोग खोटा ठरतो. पाणी आधी दुधाळ होते. तो पांढरेपणा म्हणजे शिंपल्यांतले कॅल्शियम कार्बोनेट. वायू चालूच ठेवल्यास पाणी पुन्हा नितळ होते, कारण कार्बोनेट वायूशी संयोग पावून बायकार्बोनेट बनते.

समुद्रातही जादा वायू कार्बोनेट आयन खर्ची घालतो. त्यामुळे प्रवाळांना व कवचधारी प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना) कवच घडवणे जड जाते, शिवाय आणखी वायू सामावून घेण्याची पाण्याची क्षमताही घटते. ही कवचे मृत सेंद्रिय कणांना वजन देऊन खोल नेतात. ती विरळ झाली तर कार्बन तळाकडे जाण्याचा वेग मंदावू शकतो.

कवच घडताना मात्र वायू शोषला जात नाही, उलट बाहेर पडतो. येथे विद्यार्थी हमखास चुकतात, म्हणून नितळ झालेले तेच पाणी शेवटी उकळावे: वायू निघून जातो आणि पाणी पुन्हा गढुळते. बोअरच्या पाण्याने बंबात धरणारा पांढरा थर असाच साचतो.