बिलासाठी मोबाईल नंबर कशाला?

ठाण्यात गोखले रोडवर रुमाल घ्या नाहीतर वाशीच्या मॉलमध्ये चपला, काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, मोबाईल नंबर?" आपणही पाढा म्हटल्यासारखे दहा आकडे म्हणून मोकळे होतो, तेही मागच्या रांगेला ऐकू जातील असे. बिलासाठी नंबर लागत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, की नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नका. "नंबर देणार नाही, छापील बिल द्या," एवढं म्हणा. सिस्टीम पुढे जात नाही असं उत्तर आलं तर मॅनेजरला बोलवा. बहुतेकदा मग ती जाते!

घरपोच सामानाला नंबर-पत्ता द्यावाच लागतो. जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस मात्र कोरे सोडा.

जिमवाल्याने किंवा लॉजवाल्याने आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून तो फुकट डाउनलोड होतो; पहिले आठ आकडे झाकलेले, फक्त शेवटचे चार दिसतात. प्रिंटवर कोणाला, कशासाठी दिली आणि तारीख असं पेनाने आडवं लिहायचं, पण क्यूआर कोड सोडून.