मधुमेह असताना थंड पेयातल्या साखरेचा हिशेब कसा लावावा

उन्हातून आलेल्या माणसाला आपल्याकडे हमखास विचारतात, "चहा घेणार की थंड?" शुगर असलेला माणूस चहा बिनसाखरेचा मागतो, पण थंड पेयाची बाटली मात्र सहज तोंडाला लावतो. माझे वडील कित्येक वर्षं हेच करत होते. घरी भात मोजून खायचा आणि लग्नात संत्र्याच्या चवीच्या दोन बाटल्या संपवायच्या.

आधी चमचे मोजा

बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत 100 मिलीमागे किती साखर आहे ते छापलेलं असतं. साखर घातलेल्या कोलात ती साधारण 10 ते 11 ग्रॅम असते. आंब्याच्या पेयांतही खूप साखर असते, तेव्हा 'फळाचं आहे' म्हणून सूट देऊ नका. हा आकडा पूर्ण बाटलीचा नसतो, इथेच बहुतेकांची चूक होते. 250 मिलीची बाटली असेल तर आकड्याला अडीचने गुणा आणि आलेल्या ग्रॅमना 4 ने भागा. चहाच्या सपाट चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर मावते.

मी हे वडिलांसमोर करून दाखवलं. ओट्यावर काचेचा पेला ठेवला आणि मोजून सहा चमचे साखर टाकली. पेल्याचा तळ दिसेनासा झाला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी मी चहात आठवड्यातसुद्धा घेत नाही." जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेसाठी जी आदर्श मर्यादा सुचवली, ती प्रौढांना दिवसाला सुमारे 25 ग्रॅम, म्हणजे हेच सहा चमचे.

भाकरीतूनही साखरच तयार होते, पण भाकरी चावावी लागते, तिच्यात तंतू असतात, पचायला वेळ लागतो. पेयातली साखर आधीच विरघळलेली असते. ती पोटातून भराभर पुढे सरकते आणि काही मिनिटांतच रक्तात उतरू लागते. निरोगी शरीर लगेच पुरेसं इन्सुलिन सोडून तिला आवर घालतं. मधुमेहात नेमकं तेच कमी पडतं.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. रक्तातली साखर साधारण 180 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ग्लुकोमीटरवर दिसतो तोच आकडा) च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग तहान लागते. ती भागवायला पुन्हा गोड थंड घेतलं, की साखर आणखी चढते. सारखा घसा कोरडा पडत असेल तर साधं पाणी प्या आणि साखर तपासून घ्या.

स्वतःच्या शरीराला विचारा

प्रयोगासाठी मुद्दाम थंड पिऊ नका. पण कुठे पिण्यात आलंच, तर तासाने आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि वहीत लिहून ठेवा. सुई टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण बोटाला लागलेला उसाचा रस किंवा सरबतसुद्धा आकडा खोटा फुगवतं. आकडा मोठा आला म्हणून मनाने जास्तीची गोळी घेऊ नका. वही डॉक्टरांना दाखवा.

बदली पेय आधीच तयार ठेवा

नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, हातात दुसरा पेला असावा लागतो. पातळ ताक, जिरेपूड घातलेलं लिंबूपाणी, साधा सोडा आणि लिंबू चालेल. कोकम घेताना बघून घ्या. सरबतासाठीच्या पाकात भरपूर साखर असते, आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मात्र मीठ असतं. रक्तदाब असेल तर आगळ बेतानेच वापरा. बिनसाखरेच्या डाएट पेयाने साखर एकदम चढत नाही, त्यामुळे सवय मोडेपर्यंत अधूनमधून त्याचा आधार घ्यायला माझी हरकत नाही. रोजच्यासाठी मात्र पाणीच.

साखर उतरली तर

इथे नियम उलटा होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी 70 च्या खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणं गोंधळतं. तेव्हा साखरेचा साधा कोला 150 मिली, म्हणजे 15 ग्रॅम साखर, लगेच द्या. डाएट पेयाचा इथे उपयोग नाही. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. ज्यांना मधुमेहाच्या व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील त्यांना साधी साखर पचायला उशीर लागतो, म्हणून त्यांना ग्लुकोज पावडरच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आमच्या फ्रिजच्या दारात अजूनही कोलाची एक छोटी बाटली असते. तिच्यावर चिठ्ठी आहे: 'फक्त साखर उतरल्यावर. अर्धा पेला.'