घरात एकांत नसेल तेव्हाची प्रार्थना

ठाण्यातल्या वन-रूममध्ये मोकळं रडायलाही जागा नसते. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक उपासना) नसताना मागच्या बाकावर बसा. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा, वचनं सहाच. ‘कोठवर?’ हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चारदा येतो. दर वेळी थांबा आणि आपलं दुखणं नाव घेऊन सांगा: थकलेला हप्ता, घरातली दारू, भावाशी तुटलेलं बोलणं. तिसऱ्या-चौथ्यात एकच मागणं मागा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: थेट पाचव्यातल्या भरवशाकडे धावतात. तक्रार आतच राहते, मन कोरडं पडतं. भरवसा येईना तर चौथ्यावरच थांबा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

जीव द्यावासा वाटत असेल, तर लगेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.