खजूर भिजवू नका: बिनभट्टीच्या चॉकलेटमधली माझी पहिली दोन वर्षं

ओव्हनशिवाय केलेले खजूर-कोकोचे माझ्या पहिल्या खेपेतले गोळे पाचव्या दिवशी डब्यातून काढले, तर त्यांच्यावर बारीक पांढरी लव होती. आधी वाटलं, खोबऱ्याचा कीस असेल. मग आठवलं की या खेपेत खोबरं घातलंच नव्हतं.

चाळीस गोळे फेकले. चूक शोधायला मात्र दोन महिने लागले, कारण ती मी चूक समजतच नव्हतो. खजूर मिक्सरमध्ये लवकर वाटला जावा म्हणून तासभर कोमट पाण्यात भिजवत होतो. लगदा लोण्यासारखा मऊ व्हायचा, बघून समाधान वाटायचं. पण त्या लगद्याचे गोळे वळत नसत, म्हणून वर कोको ओतायचो. गोळे कडू व्हायचे, आणि तरी हाताला चिकटायचे.

सुकामेवा टिकतो तो त्यात पाणी कमी असतं म्हणून, आणि जे थोडं असतं तेही साखरेने धरून ठेवलेलं असतं म्हणून. बुरशीला ते सहज मिळत नाही. या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची ती १ असते आणि ०.६ च्या खाली कोणतेच सूक्ष्मजीव वाढत नाहीत. खजूर भिजवला की वाळवणाऱ्याची सगळी मेहनत आपण तासाभरात उलटी करतो. नवीन माणूस या कामात गोडी किती, कोको किती याचाच विचार करतो. मीही केला. खरं काम पाणी सांभाळण्याचं आहे, हे कळल्यावर बाकीचं बरंचसं आपोआप सुटलं.

‘बेक करायचं नाही, म्हणजे सोपं’ हा दुसरा गैरसमज. ओव्हन दोन कामं गुपचूप करत असतो: पाणी उडवतो आणि जंतू मारतो. इथे दोन्ही होत नाहीत. त्यामुळे भांड्यात जे जाईल ते तसंच्या तसं खाणाऱ्याच्या पोटात जाणार. मिश्रण घट्ट व्हावं म्हणून कच्चं पीठ कधीही घालू नका. कोरडं दिसलं तरी त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. दाटपणा हवा असेल तर बदाम-अक्रोड भाजून, पूर्ण गार करून, त्यांची भरड घाला. १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, हलवत राहून. आता हे ‘बिनभट्टीचं’ राहिलं का, असं कुणी विचारलं तर हसून सोडून द्या.

खजुराकडे परत येतो, कारण सगळा खेळ त्याचाच. मेडजूल मोठा, मऊ, कॅरमलच्या चवीचा. तो भिजवावा लागतच नाही. डेग्लेट नूर लहान, घट्ट, कमी चिकट. तो कडक असेल तर चाळणीत ठेवून तीन-चार मिनिटं वाफ द्या आणि कापडावर पसरून वाफ जाऊ द्या. इतकं करूनही मिक्सर अडला, तर गरम पाणी चमच्याने, एका वेळी एकच चमचा. घातलेलं पाणी वहीत लिहा. ती खेप फ्रीजमध्येच ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची.

आणि प्रत्येक खजूर उभा चिरून, उघडून बघायचा. पाकिटावर ‘बिया काढलेला’ लिहिलं असलं तरी. एकदा घाईत मी अर्धा किलो तसाच ओतला. मिक्सर सुरू केल्यावर दोन सेकंदांत खडखडाट झाला, बंद करेपर्यंत एका बीचे तुकडे सगळ्या लगद्यात पसरले होते. चाळून काढता येतील का, म्हणून बोटाने चाचपत बसलो. तीन तुकडे सापडले. चौथा नाहीच याची खात्री कोण देणार? सगळं टाकून दिलं. बीशिवाय आणखी एक कारण आहे: बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या खजुराच्या आत कधी काळपट भुकटी असते, कधी कीड. चिरल्याशिवाय कळत नाही.

बाकीच्या फळांचं थोडक्यात. अंजिराच्या बिया दाताखाली कुरकुरतात, काहींना आवडतं, काहींना वाळू लागल्यासारखी वाटते. मनुकांची आंबट छटा डार्क चॉकलेटशी छान जमते. झगझगीत नारिंगी जर्दाळूला सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो. न दिलेला तपकिरी पडतो, दिसायला उदास पण चवीला भारदस्त. दम्याच्या काही रुग्णांना अशा सल्फरच्या संयुगांचा (पाकिटावर ‘सल्फाइट’) त्रास होतो, म्हणून पाकीट वाचा. सुकवलेल्या प्लममध्ये सॉर्बिटॉल असतं आणि ते पोट साफ करतं. त्याचे गोळे देताना ‘दोनच खा’ असं मी आवर्जून सांगतो.

माझं आजचं प्रमाण: बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, भाजलेले बदाम किंवा अक्रोड १०० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ. मीठ गाळू नका, त्याच्याशिवाय खजुराची गोडी सपाट लागते. आधी सुका मेवा भरड करून बाजूला काढायचा, मग खजूर वाटायचा, मग सगळं एकत्र. उलट्या क्रमाने केलं तर बदामाला तेल सुटेपर्यंत मिक्सर फिरवावा लागतो आणि मिश्रण तेलकट होतं. मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. कोको हळूहळू ओल पितो आणि सुरुवातीला चिकट वाटलेलं मिश्रण वळण्याजोगं होतं. मी सुरुवातीला हा अर्धा तास थांबत नव्हतो, म्हणूनच कोको वाढवत सुटलो होतो. १५ ग्रॅमचा एक, असे २२ गोळे होतात. वजनकाटा घ्याच. वाटी-चमच्याने केलेली चांगली खेप पुन्हा जमत नाही.

कोको दोन तऱ्हेचा मिळतो. साधा फिकट आणि किंचित आंबट, अल्कलीची प्रक्रिया केलेला गडद आणि सौम्य. खजुरासोबत मला साधाच आवडतो, गोडीला धार येते.

वरून चॉकलेटचं आवरण हवं असेल, तर पाण्याची गोष्ट पुन्हा सुरू होते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओला चमचा गेला की ते क्षणात दाणेदार, घट्ट होऊन बसतं. थेंबभर पाणी साखरेचे कण एकमेकांना चिकटवायला पुरेसं असतं. गंमत म्हणजे यावर उपाय आणखी पाणीच! गरम पाणी किंवा दूध चमचा-चमचा घालत ढवळलं की ते सॉससारखं मोकळं होतं. आवरणाला मात्र ते चालत नाही, पुढच्या ताज्या गोळ्यांत मिसळा आणि तेही लवकर संपवा.

चकाकी आणि कट्कन तुटणं हवं असेल तर टेम्परिंग शिकावं लागेल. कोको बटर सहा वेगवेगळ्या रूपांत गोठतं, त्यातलं पाचवं आपल्याला हवं असतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ वर आणा, पुन्हा ३१-३२ पर्यंत गरम करून त्यात गोळे बुडवा. थर्मामीटरशिवाय हे अंदाजाने करणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. गोळे फ्रीजमधून थेट काढून बुडवू नका: थंड गाभा गरम होताना फुगतो आणि आवरणाला तडे जातात, शिवाय वर दव धरतं आणि साखरेचे पांढुरके डाग उमटतात. खोलीच्या तापमानापेक्षा जरा गार असले की बास. सुरुवातीचे काही महिने टेम्परिंगच्या वाटेला न जाता गोळे नुसते कोकोत घोळवले तरी कुणी तक्रार करत नाही.

ओळखीचे लोक मागायला लागल्यावर मी डब्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलं होतं. मधुमेह असलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘एका गोळ्यात साखर किती?’ घरी येऊन हिशेब मांडला. खजुरात वजनाच्या साधारण ६५ टक्के साखरच असते. २०० ग्रॅममध्ये १३०, भागिले २२, म्हणजे एका गोळ्यात जवळजवळ ६ ग्रॅम. दीड चमचा! सोबत तंतू आहेत, खनिजं आहेत, सगळं खरं, पण साखर ती साखरच. त्या संध्याकाळी सगळी लेबलं खरवडून काढली. आता ‘वेगळी साखर घातलेली नाही’ असं लिहितो आणि खाली ग्रॅमचा आकडा देतो. कोणते सुके मेवे आहेत तेही ठळक लिहितो, कारण अ‍ॅलर्जी असणाऱ्याला तेवढंच वाचायचं असतं. घरात कुत्रा असेल तर तोंडी बजावतो: चॉकलेट आणि मनुका, दोन्ही त्याला विषारी.

विकायचा विचार असेल तर वास-चवीवरून टिकाऊपणा ठरवू नका, प्रयोगशाळेतून वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजून घ्या. घरासाठी करत असाल तर पहिली खेप अर्ध्या प्रमाणाची, अकरा गोळ्यांची करा. सहा फ्रीजमध्ये, पाच फ्रीझरमध्ये हवाबंद. फ्रीजमधला रोज एक मधोमध कापा, वास घ्या, बोटाने दाबून बघा आणि तारखेसमोर लिहा: घट्ट, मऊ, घाम आला, वर पांढरं. फ्रीझरमधला काढताना डबा उघडू नका. तो तसाच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरेल, गोळ्यांवर नाही.