कॉलेजची लॅब सांभाळताय? मग या चुका टाळा

बहुतेक कॉलेजांच्या लॅबमध्ये मशीन 'फ्रीझ' करणारं सॉफ्टवेअर असतं. पोरांनी दिवसभर काहीही गोंधळ घालू दे, रीस्टार्ट केलं की मशीन पुन्हा होतं तसं. सोय झकास. पण गोंधळाबरोबर विंडोजचा अपडेटही पुसला जातो, हे कुणाच्या गावीही नसतं.

नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून तक्रार आली, "नेट स्लो आहे." केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, नेटवाल्याशी भांडणही झालं. जाऊन बघितलं तर लॅबमधली झाडून सगळी मशीन रोज सकाळी तोच अपडेट नव्याने उतरवत होती आणि संध्याकाळी बंद केली की तो गायब. अँटिव्हायरसचीही तीच कथा. तिथले सर म्हणाले, "पण फ्रीझ आहे ना, मग व्हायरसची कसली भीती?" रीस्टार्टला व्हायरस जातो, मान्य. पण तोवर तो शेजारच्या मशीनवर, पोरांच्या पेनड्राइव्हवर आणि ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये फिरून आलेला असतो, त्याचं काय?

मी शनिवारी लॅब रिकामी झाली की सगळी मशीन थॉ करतो, म्हणजे फ्रीझ तात्पुरतं काढतो, अपडेट टाकतो, रीस्टार्ट करून पुन्हा चेक करतो, काही उरलं नाही असं दिसलं की मगच फ्रीझ. शेड्यूल लावता येतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी निघत नाही.

"एखादं मशीन राहिलं तर काय बिघडतं?" असं विचारणाऱ्यांनी न्हावा-शेवा आठवावं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे तिथल्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. पसरायला त्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं, त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. शिवाय एका मशीनवरचे पासवर्ड उचलून तो पॅच केलेल्या मशीनवरही घुसायचा. (सुरुवात एका युक्रेनी अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, म्हणून "बघा, अपडेटच वाईट" म्हणणारेही भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.)

सबमिशनच्या आठवड्यात पेनड्राइव्ह स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून थेट लॅबमध्ये येतो. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही मारू नका. फायली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. आधी स्कॅन करा, मग हिडन फायली दाखवायला लावा आणि हव्या तेवढ्याच कॉपी करा.

क्रॅकचं, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवून देणाऱ्या फायलींचं, तर बोलायलाच नको. जी फाइल "आधी अँटिव्हायरस बंद करा" म्हणते, ती कशासाठी आली आहे हे वेगळं सांगायला हवं का? ऑटोकॅड विद्यार्थ्यांना अधिकृतपणे फुकट मिळतं. नोंदणी आणि पडताळणीला थोडा वेळ जातो, पण तेवढाही धीर फर्स्ट इयरला नसतो.

एका मशीनवर दोन अँटिव्हायरस नकोत. पोरांना ॲडमिन पासवर्ड द्यायचा नाही, प्रोजेक्ट कितीही अर्जंट असो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव अपडेट घेतले नसतील तर बजेटची फाइल प्राचार्यांच्या टेबलावर गेलीच पाहिजे.

आणि फायलींची नावं अचानक बदलून त्या उघडेनाशा झाल्या, तर फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका. आधी लॅन केबल उपटा, मग फोन करा.