पडला की उभाच नव्हता? निवडणुकांवर पीएचडी करणाऱ्यांसाठी

सिनॉप्सिस, रजिस्ट्रेशन तुम्हाला ठाऊकच आहे. मी थेट जिथे आपटलो तिथून सुरू करतो.

मराठवाड्यात पदावर असणं फायद्याचं की तोट्याचं, हा माझा विषय. एक्सेलमध्ये एकच रकाना केला: मागचा विजेता पुन्हा आला का? ‘नाही’ आलं की जनतेची नाराजी. दीड वर्ष टक्केवारी काढली. मग सेमिनारला एका मॅडमनी विचारलं, "2019 ला लातूरचा खासदार पडला म्हणता, तो उभा तरी होता का?"

नव्हता! भाजपने सुनील गायकवाडांचं तिकीट कापून सुधाकर शृंगारेंना दिलं आणि जागा राखली. उस्मानाबादेतही तेच. शिवसेनेने रवींद्र गायकवाडांऐवजी ओमराजेंना उतरवलं, ते आले. माझ्या तक्त्यात दोन्हीकडे ‘पडला’.

बरं, फक्त पुन्हा उभे राहिलेलेच मोजावेत, तर त्यातही गफलत. लोक ज्यांच्यावर जास्त चिडलेत ते बऱ्याचदा तिकिटालाच गळतात, उरलेले उगाच भक्कम दिसतात. बीडला 2024 मध्ये खासदार प्रीतम मुंडेंच्या जागी त्यांची बहीण पंकजाताई उभ्या राहिल्या आणि साडेसहा हजारांनी पडल्या. इथे विद्यमान (आधीपासून पदावर असलेलं) कोण? पक्ष? घर? म्हणून माणूस एका रकान्यात, पक्ष दुसऱ्यात, ‘उभाच नव्हता’ तिसऱ्यात. शिवसेना-राष्ट्रवादी फुटल्यानंतरच्या नोंदी तर हातानेच तपासा. आणि 2004 ची 2009 शी थेट तुलना नकोच. मधल्या मतदारसंघ पुनर्रचनेत सीमा बदलल्या, रेणापूर विधानसभा मतदारसंघच उरला नाही.

काठावर जिंकलेले आणि काठावर हरलेले यांची पुढची निवडणूक ताडून बघायची पद्धत शिका. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांना तिच्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात पदाचा फायदा दिसला, योगेश उप्पल यांना आपल्या विधानसभांत तोटा. माझे गाईड म्हणायचे, "अँटी-इन्कम्बन्सी (पदावर असलेल्यावरची नाराजी) लिहून टाका, कोण विचारतं?" असे गाईड गोड वाटतात. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, ते तुमच्या बाजूने बोलत नाहीत.

2024 च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महायुतीच्या विरोधात गेल्या, 1999 पासूनचे जालन्याचे खासदार रावसाहेब दानवेही पडले. सहा महिन्यांच्या आत विधानसभेला 46 पैकी जवळपास 40 महायुतीकडे! सोयाबीनवाला शेतकरी तर तेवढ्यात खूश झाला नव्हता. मधल्या काळात लाडकी बहीणचे 1500 सुरू झाले होते, पण तेवढ्यावर एक प्रकरण उरकू नका, आरक्षणावरून कोण कुणाच्या विरोधात एकवटलं तेही बघा.

घाबरू मात्र नका. तक्ता पुन्हा भरायला मला चार महिने लागले, त्यातले दोन महिने ‘फॉर्म 20’ या अधिकृत निकालपत्रकाच्या वाकड्या स्कॅनमधले आकडे वाचण्यात गेले.