फंडाची पट्टी वाचा, मग जाब विचारा

लातूरच्या मोंढ्यात मी ३१ वर्षं एका आडतीवर दिवाणजी होतो. माल उतरला, सौदा झाला, वजन झालं की पट्टी करायची. हमाली किती, तोलाई किती, सगळं कागदावर. आणि विकला जाईपर्यंत माल शेतकऱ्याचा, आडत्याचा नव्हे. म्युच्युअल फंडाचा कायदा मला याच वाटेनं समजला.

तुमचे पैसे फंड कंपनीच्या मालकीचे होत नाहीत. फंड हा १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली केलेला ट्रस्ट असतो. पैसे गुंतवण्याचं काम कंपनी करते, तिच्यावर लक्ष विश्वस्त ठेवतात, आणि घेतलेले शेअर-रोखे तिसऱ्याच्याच, म्हणजे कस्टोडियनच्या ताब्यात राहतात. विश्वस्तांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र हवेत, फंड काढणाऱ्या प्रायोजकाशी लागेबांधे नसलेले. हे सगळं सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांत आहे. ते वेळोवेळी बदलत गेले आहेत.

भाव पडला म्हणून आडत्याशी भांडता येत नाही, मापात मारलं तर येतं. इथंही तसंच. तोटा झाला एवढ्यावर फंड मॅनेजर दोषी ठरत नाही. पण योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलंय त्याच चौकटीत त्यानं गुंतवणूक केली पाहिजे, निर्णयाची कारणं लिहून ठेवली पाहिजेत, आणि तुमच्या पैशाचा सौदा होणार हे माहीत असताना स्वतःची खरेदी आधी उरकून घ्यायची नाही. विश्वस्तांनी हे तपासायचं, खर्च वाजवी आहे का तेही बघायचं. योजनेचा मूळ स्वभावच बदलायचा असेल तर तुम्हाला कळवून, एक्झिट लोड (पैसे लवकर काढले तर कापली जाणारी रक्कम) न कापता बाहेर पडायला ३० दिवस द्यावे लागतात. आणि मनात आलं म्हणून योजना गुंडाळता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट योजना, म्हणजे रोख्यांत पैसे लावणाऱ्या योजना, बंद करायला काढल्या, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी गुंतवणूकदारांच्या बहुमताची संमती लागते.

आता पट्टीकडे या. ती म्हणजे एकत्रित खातेपत्रक, तुमच्या सगळ्या फंडांचा एकच हिशेब. ते ईमेलवर येतं आणि बहुतेक जण ते उघडतही नाहीत. सहामाही पत्रकात तुमच्या एजंटला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. तो आकडा आधी शोधा. योजनेचा खर्च मात्र वेगळा कापलेला दिसत नाही. एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एका युनिटचा भाव, येते तीच खर्च वजा करून, म्हणून खर्चाचं प्रमाण किती ते बघा. हमाली अशी भावातच मुरवून टाकायची सोय मोंढ्यात असती तर आमच्या मालकांना फार आवडली असती!

औशाच्या माझ्या भाचीचं प्रकरण असं. डेट योजनेतले दोन लाख एजंटनं थीमॅटिक योजनेत, म्हणजे एकाच विषयाचे शेअर घेणाऱ्या जास्त जोखमीच्या योजनेत टाकले. "केवायसीचा ओटीपी आलाय, सांगा" म्हणाला, हिनं सांगून टाकला. चार महिन्यांनी पत्रक घेऊन माझ्याकडे आली. "मामा, कमी कामून दिसायलेत?" घाबरून तिनं पैसे काढलेही होते, वर एक टक्का लोड बसला. दोन लाखांचं झालं होतं एक लाख ऐंशी, त्यातून आणखी अठराशे गेले.

आधी तक्रार कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाकडे केली, ईमेलनं, फोनवर नाही. फोलिओ नंबर, व्यवहाराची तारीख, रक्कम, आणि काय हवं ते एका वाक्यात. ईमेलची एक प्रत विश्वस्त कंपनीलाही पाठवली. तिचा पत्ता माहितीपत्रकात असतो. ही प्रत लोक पाठवत नाहीत, मी म्हणतो पाठवाच. उत्तर आलं की ओटीपी तुमचाच, व्यवहार वैध.

मग सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रारीच्या पोर्टलवर गेलो. तिथं तक्रार पॅनवर नोंदवावी लागते. कंपनीला उत्तराला २१ दिवस मिळतात. ते पटलं नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागायची. फंडांसाठी ती अ‍ॅम्फी, म्हणजे फंड कंपन्यांची संघटना, करते, त्यानंतरची दुसरी सेबी स्वतः. आम्ही ओटीपीचा मुद्दा सोडून एकच विचारलं: डेटमधल्या बाईला अतिजोखमीची योजना योग्य आहे, हे कोणी, कशावरून ठरवलं? त्यावर मात्र चक्र हललं. लोडचे अठराशे एजंटनं भरून दिले. बाजारात गेलेले वीस हजार नाही. पुढं स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा-निवारण पोर्टलवर समेट-लवादाला जाता येतं, मी चल म्हणालो, पण भाची म्हणाली, "पुरे आता, मामा."

पैसे काढायला टाकले आणि आले नाहीत, एवढीच तक्रार असेल तर काम सोपं आहे. साधारणपणे तीन कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी, उशिराला १५ टक्के दरानं व्याज. ते अर्जात स्वतःहून मागा. आणि स्कोअर्सवर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा. पेरणी, सुगी, लग्नसराई करत लोक येतात तोवर मुदत टळलेली असते.